भट्टीत घातलेली चाकं

कोरीटच्या शांतीलालभाईंनी लष्कराच्या लिलावातून निघालेली जीप विकत घेतली तेव्हा तिची चाकं गंजून खडबडीत झाली होती. नंदुरबारच्या एका रंगाऱ्याने त्यांना सांगितलं, सुरतेकडे आता रंग भट्टीत भाजतात, दगड लागला तरी टवका उडत नाही. त्याच्याकडे तसली भट्टी कुठून असणार? त्याने चाकं सरळ विटांच्या भट्टीत घातली. गंज आणि जुना रंग जळून गेला, चाकं लालबुंद झाली, राखेत आपोआप निवली. मग तांबड्या रंगाचे जाड थर चढवून त्याने ती पुन्हा धगीवर वाळवली. जीप मोलगीच्या वाटेला लागली तेव्हा पाड्यांवरची माणसं तिला तांबड्या चाकांची गाडी म्हणू लागली.

ती चालवायचा उदेसिंग. मूळचा डोंगरातला, पण जंगल ठेकेदाराच्या ट्रकवर राहून गाडी शिकलेला. आपल्याच माणसांना बाजाराला नेतो-आणतो याचं त्याला भारी अप्रूप होतं. फक्त एक गोष्ट खटकत होती. रंग दिल्यापासून चाकांचे नट सारखे सैल पडत. सकाळी जोर लावून आवळलेला नट घाट उतरेपर्यंत हाताने फिरायचा. त्याने ते भाईंच्या कानावर घातलं.

"रंग जाड शे, बसी जाई," भाई म्हणाले. "तू नट कसत ऱ्हाय."

भाई खोटं बोलत नव्हते. रंग दबून बसला की नट सैल पडायचे थांबतील, हे रंगाऱ्याने सांगितलं तेच त्यांनी सांगितलं. उदेसिंग नट कसत राहिला.

एका बाजाराला त्याची बायको फुलवंताबाई चारोळी विकायला आली होती. ती गाडीत कधी बसत नसे, पोटात ढवळतं म्हणायची. परत जाताना मीठ-तेलाचं ओझं होतं, ऊन तापलं होतं. उदेसिंगने आग्रह करून तिला आपल्या शेजारी बसवलं. मागे सात-आठ माणसं दाटीने बसली. उतारावरच्या वळणाला डावीकडे काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला आणि टायर बाहेरच्या लोखंडी धावेसकट सुटून पुढे पळाला. चाकाची मधली तबकडी तेवढी नटांना धरून राहिली. जीप कडेवरून खाली गेली. फुलवंताबाई जागच्या जागी गेली. मागे बसलेला खात्या नावाचा म्हातारा संध्याकाळपर्यंत जगला. उदेसिंगचा खांदा निखळला, एवढंच.

पंचनाम्यात लिहिलं गेलं की चालकाने बेफिकिरीने गाडी हाकली. तो प्यायला नव्हता, पण प्यायला असणार असं सगळ्यांनी धरूनच टाकलं. फुलवंताबाईचा धाकटा भाऊ सुकराम त्याला दाजी म्हणायचा. त्याने कोर्टाच्या आवारात त्याच्याकडे पाठ फिरवली, ती फिरवलीच.

उदेसिंगला शिक्षा झाली. तुरुंगात त्याला लोहारकामाला लावलं. तिथे भाता ओढताना त्याने एकदा पाहिलं. पहारीसारखी ताठ सळई लाल करून राखेत निवत ठेवली होती, आणि निवल्यावर लोहाराने ती गुडघ्यावर सहज वाकवली. लोखंडाचं पाणी उतरलं, कडकपणा गेला, की असंच, लोहार म्हणाला. उदेसिंगचा हात भात्यावरच थांबला. भट्टीत सगळीच चाकं गेली होती. फुटलं त्यातलं एकच.

सुटून आल्यावर त्याला कळलं की जीप दुरुस्त होऊन पुन्हा त्याच वाटेवर धावते आहे. एक चाक नवं, बाकीची तीच, वरून पुन्हा रंगवलेली. आणि चालवतो सुकराम.

बाजाराच्या दिवशी तो मोलगीला गेला. जीप चिंचेखाली उभी होती, माणसं बसून झाली होती. उदेसिंगने जवळ जाऊन सांगितलं की ही चाकं कच्ची झाली आहेत, यांच्यावर गाडी नेऊ नको. सुकरामने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आपला दोष आता चाकांवर ढकलतोय, असं मागे बसलेलं कुणीतरी पुटपुटलं. तेव्हा उदेसिंग मातीत बसला आणि पुढच्या उजव्या चाकाचा रंग चाकूने खरवडू लागला. रंग सालीसारखा निघत गेला. नटाच्या भोकापासून निघालेली भेग केसाएवढी होती. पुढे खरवडलं तशी ती दुसऱ्या भोकाकडे गेलेली दिसली.

सुकराम खाली उतरला. त्याने भेगेवरून बोट फिरवलं. उदेसिंग त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. तुरुंगातल्या साऱ्या दिवसांत त्याने याच घडीची वाट पाहिली होती.

"नट तेव्हाही सैल व्हायचे?" सुकरामने विचारलं.

"रोज."

"तुला माहीत होतं. मग तिला कशाला बसवलंस?"

उदेसिंगने चाकू खाली ठेवला.

"दमली होती," तो म्हणाला.

सुकरामने माणसांना उतरायला सांगितलं. ती कुरकुरली, मग ओझी डोक्यावर घेऊन पायी निघाली. दोघांनी जीपखाली दगड रचले आणि चाकं काढली. पाना एकच होता. तो या हातातून त्या हातात जात राहिला. मागच्या एका चाकालाही भेग निघाली.

निरोप मिळाल्यावर शांतीलालभाई आले. चाकं पाहून ते तिथेच दगडावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. त्यांनी नवी चाकं आणवली, बिनरंगाची. उदेसिंगला म्हणाले, गाडी तूच घे. तो नको म्हणाला. कोर्टाचा निकाल होता तसाच राहिला. खात्याच्या घरचे त्याला पाहून अंगणातून आत जायचे, तेही तसंच चालू राहिलं. सासूने एकदा पाणी दिलं, पण भांडं हातात दिलं नाही, ओट्यावर ठेवलं.

उदेसिंग जंगलात लाकूडतोडीला जाऊ लागला. बाजाराला पायीच जायचा. मागून जीपचा आवाज आला की तो वाट सोडून कडेला उभा राही. सुकराम त्याच्याकडे बघत नसे, थांबतही नसे. फक्त तिथे आल्यावर गाडी अगदी हळू करी, म्हणजे धूळ उडू नये.