रमाबाईंचा ओटीपी

कोरोनाची दुसरी लाट चालू होती. मोहन्यातल्या चाळीत ज्यांना मोबाइलचं काही जमत नाही, अशा म्हाताऱ्या माणसांची लशीसाठी नोंदणी करून द्यायचं काम स्वप्नाने अंगावर घेतलं होतं. तोंडावर दोन मास्क, गळ्यात संस्थेचं कार्ड. पहिलंच दार रमाबाईंचं, वय वर्षं चौऱ्याहत्तर.

जाळीच्या दाराआडून रमाबाईंनी आधार नंबर सांगितला, जन्मसाल सांगितलं, न विचारता वजनही सांगितलं. मग त्यांचा फोन टुंग करून वाजला.

"आजी, सहा आकडे आलेत ना? सांगा पटकन."

"नाही सांगणार."

"अहो, का?"

"ओटीपी कुणाला सांगायचा नाही. समाजमंदिरात तूच शिकवलंस. पोटच्या पोराला पण नाही, म्हणालीस."

"ते बँकेचं हो! हा लशीचा आहे."

"चोर पण असंच म्हणत असणार."

तेवढ्यात मुदत संपली. स्वप्नाने दुसरा ओटीपी मागवला. ओळख पटावी म्हणून मास्क खाली ओढला, तर रमाबाई कडाडल्या, "आधी तो वर कर!" तोही ओटीपी वाया गेला. शेजारचे शिवरामकाका मदतीला आले, "दाखवा, मी वाचतो." रमाबाईंनी फोन थेट तांदळाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

स्वप्नाने तिसरा ओटीपी मागवला; डब्यातून टुंग ऐकू आलं. शेवटी तिने आपलाच फोन सॅनिटायझरने पुसून जाळीखालून आत सरकवला. "तुमचा तुम्हीच टाका, आजी. मी बघत नाही."

"पाठ फिरव. डोळे पण मीट."

स्वप्नाने मिटले. शिवरामकाकांनीही मिटले. रमाबाईंनी डब्यातून फोन काढला, चष्मा चढवला आणि एका बोटाने आकडे दाबायला घेतले, "चार... सात... झीरो... परत चार..."

वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जात होतं. स्वप्नाने ओठ चावून हसू दाबलं.

"झालं गं! हिरवी खूण आली!"

उद्या सकाळी अकराची वेळ मिळाली होती. स्वप्नाने फोन परत मागितला, पण रमाबाई देईनात.

"थांब जरा. शिवराम, तुमचं आधार आणा. आणि नंबर ओरडू नका हां, माणसं ऐकतात."

दुपारपर्यंत त्यांनी सहा जणांची नोंदणी केली. स्वप्ना पायरीवर बसून चहा पीत होती.

"आजी, परवा आंबिवलीला नोंदणी करायला येता का माझ्याबरोबर?"

"येते की. लशीने हात दुखला तरी बोट काय दुखायचं नाही."