कोठीला चढलेला ताप

डेपोत तिला सगळे ‘मॉनिटर’ म्हणायचे. एक तर ती दिवसभर मॉनिटरसमोर बसायची, आणि दुसरं म्हणजे शाळेतल्या वर्गाच्या मॉनिटरसारखी सगळ्यांच्या चुका टिपायची. हे नाव तिच्या थोरल्या भावानं ठेवलेलं. तो तिथला मुकादम. वहिनीही तिथंच, धान्य चाळायच्या शेडमध्ये. ‘आमच्या घरात भांडणंसुद्धा पाळी बदलताना होतात,’ असं वहिनी म्हणायची.

डेपोत धान्याच्या तीन कोठ्या होत्या, जाड पत्र्याच्या, चार मजली इमारतीएवढ्या उंच. पूर्वी त्यांत दरवर्षी कितीतरी गहू आतल्या आत कुजायचा. वरून सोन्यासारखा दिसायचा आणि खाली उतरवला की बुरशीची ढेकळं हाती यायची. मग कोठ्यांमध्ये छतापासून तळापर्यंत तारा सोडल्या गेल्या आणि त्या तारांवर ऊब नि ओल मोजणारे सेन्सर बसवले. कोठीच्या पोटात कुठं ऊब धरली की मॉनिटरच्या पडद्यावर तिथला ठिपका पिवळा व्हायचा. ती तळाचे पंखे सुरू करायची, थंड हवा धान्यातून वर चढायची, ठिपका पुन्हा हिरवा. तारा आल्यापासून त्यांना टोपलीभर गहूही फेकावा लागला नव्हता. शिवाय सगळे डेपो एका जाळ्यात जोडलेले. कुठल्या गावात साठा कमी पडला की यंत्रणा आपणच जवळची कोठी हेरायची, ट्रक बोलवायची आणि ट्रक वजनकाट्यावर लागला की कोठीचं तळाचं दार उघडायची. मुकादम आधी या सगळ्याला नाक मुरडायचा. मग एका हिवाळ्यात डोंगराकडच्या गावांचे रस्ते बंद व्हायच्या आत तिथं धान्य पोचलेलं त्यानं पाहिलं, आणि तेव्हापासून तो सेन्सरच्या तारांवरून फडकं फिरवताना देव पुसल्यासारखा पुसायचा.

त्या वर्षी शेतातलं पीक करपलं होतं. पहिल्या दोन कोठ्या रिकाम्या झाल्या. तिसरीवरच आसपासच्या सगळ्या गावांची नव्या पिकापर्यंत मदार होती. आणि त्याच कोठीत पाचव्या तारेवर, मध्यापासून जरा खाली, एक ठिपका पिवळा झाला तो काही केल्या हिरवा होईना.

“छतातून पाणी झिरपलंय,” मुकादम म्हणाला. “वर गव्हाचा पापुद्रा धरलाय, त्यामुळे हवा वर जात नाही. फोडायला हवा.”

“आत उतरणार?”

“मग काय वरून फुंकर घालू?”

कोठीत माणूस उतरण्याआधी तळाचं दार बंद करून त्याच्या मुख्य स्विचला कुलूप घालायचं, असा नियम होता. त्या दिवशी कुलूप शेडमधल्या दुसऱ्या यंत्राला लावलेलं होतं. मॉनिटर ते आणायला उठली, तर मुकादमानं हातानंच थांबवलं.

“बस तू. पडद्यावरून बंद ठेव. तू बसलीयस म्हटल्यावर आणखी कुलूप कशाला?”

तिनं तिसरी कोठी यंत्रणेतून काढून ‘हातानं’वर टाकली. मुकादम कमरेला पट्टा आणि दोर बांधून शिडी चढला. दोराचं दुसरं टोक छतावरच्या झाकणापाशी डेपोतल्या वेल्डरनं लोखंडी दांडीला गुंडाळून धरलं. वेल्डर वॉकीटॉकीवर म्हणाला, “मुकादम उतरला. आत तळघरासारखा वास आहे.”

जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. बाहेर पहिला ट्रक येऊन काट्यावर उभा राहिला. मॉनिटरच्या पडद्यावर क्षणभर सगळं करडं झालं. जाळं तुटलं, मग जोडलं गेलं. असं दिवसातून दोनतीनदा व्हायचं. तिनं चहाचा कप उचलला आणि तेवढ्यात तिला कोठीच्या तळातून ट्रककडे धान्य वाहून नेणाऱ्या पट्ट्याचा आवाज ऐकू आला.

तिसरी कोठी पडद्यावर पुन्हा ‘आपोआप’ दाखवत होती. जोडणी परत येताना यंत्रणेनं जुनं सेटिंग उचललं होतं. तळाचं दार उघडलं होतं.

तिनं लाल बटण दाबलं. दार बंद होईपर्यंत वॉकीटॉकीतून वेल्डरचा आवाज आला, तोही ओरडणं संपून गेल्यावर उरतो तसा. “मॉनिटर, मुकादम खाली गेला. पापुद्रा फुटला आणि तो खाली गेला.”

“दिसतोय का?”

“डोकं दिसतंय. दोर ताठ आहे. छातीपर्यंत गव्हात आहे.”

धान्यात रुतलेल्या माणसाला ओढून काढता येत नाही. चहूबाजूंनी गहू त्याला असा आवळतो की जोरानं ओढलं तर माणूस मोडेल, पण सुटणार नाही. आणि त्यानं श्वास सोडला की छाती आत जाते, तेवढ्यात दाणे ती जागा घेतात. पुढचा श्वास आधीच्यापेक्षा लहान. हे तिथं सगळ्यांना प्रशिक्षणात शिकवलं होतं. मॉनिटरनं अग्निशमन दलाला फोन केला. गाडी निघाली, पण शहर लांब होतं.

वहिनीला कुणी सांगायला गेलं नाही. पट्टा अवेळी चालून थांबला, एवढ्यावरून तिनं ओळखलं. ती शेडमधून चाळणीचे पत्रे उचलूनच धावली. मॉनिटर खिडकीतून बघत होती. वहिनी शिडी चढत होती, पाठीवर पत्रे बांधलेले, वाऱ्यानं ते खडखडत होते. वर वेल्डरनं तिला अडवलं असावं. तिनं त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानं तिच्याही कमरेला दोर बांधला, आपली वॉकीटॉकी तिला दिली आणि दोन फळ्या आत सोडल्या.

फळ्यांवर पालथी पडून वहिनीनं नवऱ्याच्या भोवती एकेक पत्रा गव्हात खुपसला आणि त्या कड्याच्या आतला गहू डब्यानं उपसायला लागली. एक डबा काढला की अर्धा डबा परत आत घरंगळायचा.

“बोलतोय का तो?” मॉनिटरनं विचारलं.

“बोलतोय,” वहिनी म्हणाली. “म्हणतोय, स्वयंपाकघरातपण तू असंच सांडतेस.”

मॉनिटरला हसू फुटलं आणि लगेच रडू कोसळलं. तिनं तोंडावर हात दाबला, कारण पडद्यावर आता दुसरंच काही दिसायला लागलं होतं. कोठीत वरून लोंबणाऱ्या वायूच्या सेन्सरचा आकडा चढत होता. कुजत्या धान्यातून निघणारा जड वायू पापुद्र्याखाली साचला होता, तो मोकळा झाला होता. गहू खाली खचून मधोमध खड्डा पडला होता, आणि तो वायू पाण्यासारखा त्याच खड्ड्यात उतरत होता. खड्ड्याच्या तळाशी मुकादम होता आणि त्याच्यावर ओणवलेली वहिनी.

तिनं तळाचे पंखे सुरू केले. हवा धान्यातून वर चढू लागली आणि वायूचा आकडा हळूहळू उतरला. पण पाचव्या तारेवरचा पिवळा ठिपका लाल झाला. कोठीच्या पोटातल्या ज्या गाठीला इतके दिवस वारा लागला नव्हता, तिला आता वारा मिळत होता, जसा विझत आलेल्या निखाऱ्याला मिळावा.

मुख्य कचेरीतून साहेबांचा फोन आला. त्यांनाही तिथून सगळे ठिपके दिसत होते.

“पंखे ताबडतोब बंद करा. कोठी पेटेल.”

“आत दोन माणसं आहेत, साहेब.”

वाईट माणूस नव्हता तो. “मला कळतंय,” ते म्हणाले. “पण त्या कोठीवर किती घरं आहेत तुम्हालाही कळतंय. दुसरीकडून आणायला मला कुठं कण शिल्लक नाही.”

तिनं पंखे बंद केले.

लाल ठिपका होता तिथं थांबला. वायूचा आकडा चढायला लागला. वॉकीटॉकीवर डब्याचा आवाज येत होता, खरड, ओत, खरड, ओत. मग त्या आवाजात अंतर पडू लागलं.

“वहिनी?”

“डोकं दुखतंय जरा.”

“वर ये तू. वेल्डरला उतरू दे.”

“तो जड आहे. फळी खचेल.” मग बऱ्याच वेळानं, “याचे डोळे मिटतायत गं. मी हाक मारली की उघडतात.”

मॉनिटरनं पंखे पुन्हा सुरू केले. साहेबांचा फोन वाजत राहिला. तिनं तो उलटा करून ठेवला.

थोड्या वेळानं वॉकीटॉकीवर दादाचा आवाज आला. वहिनीनं यंत्र त्याच्या तोंडाशी धरलं असावं. चार शब्द झाले की त्याला थांबावं लागत होतं.

“छोटे. पंखा बंद कर.”

कामावर त्यानं तिला कधी असं म्हटलं नव्हतं.

“बंदच आहे, दादा.”

“खोटं बोलू नकोस. पायाखाली घुमतंय मला.” तो थांबला. “पाचवी तार किती?”

तिनं सांगितलं नाही.

“पेटेल ती. लोकांच्या तोंडचा घास आहे. बंद कर.”

“वहिनी आत आहे.”

“तिला वर ओढा. आणि बंद कर.”

मागून वहिनीचा आवाज आला, कोरडा, “मी कुठं जात नाही. बोलू नकोस, दम पुरव.”

मॉनिटरचा हात बटणावर होता. समोरच्या पडद्यावर कोठी उभ्या छेदात दिसत होती, तारा, ठिपके, सगळं नीटनेटकं. त्यात माणसाचा ठिपका कुठंच नव्हता. तिनं बाहेर पाहिलं. काट्यावरच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून, डोक्यावरची टोपी हातात घेऊन वर बघत उभा होता. त्याच्या मागं आणखी ट्रक येऊन लागले होते. सगळे रिकामे.

तिनं बटणावरून हात काढला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून त्यांच्यावर बसली. लहानपणी दादानं दटावल्यावर बसायची तशी. ठिपक्याभोवतीचे ठिपके एकामागून एक लाल होत गेले. खिडकीतून करपलेल्या पोळीसारखा वास यायला लागला. घरात सगळे दारापाशी थांबून कुणाची तरी वाट बघत असताना स्वयंपाक लागतो, तसा वास. ती बघत राहिली. पंखे घुमत राहिले.

अग्निशमनवाले आले तेव्हा छताच्या झाकणातून निळसर धूर निघत होता. वहिनीनं तोवर मुकादमाला कमरेपर्यंत मोकळं केलं होतं. तोंडावर नळ्या लावलेले दोघे जवान आत उतरले. आधी वहिनीला वर काढलं. तिच्या मुठीत डबा इतका घट्ट होता की तो तिच्यासकट वर आला. मग पत्र्यांच्या आतला उरलेला गहू उपसून मुकादमाला. तो शुद्धीवर नव्हता, पण छाती हलत होती.

त्याला गाडीत घालताना मॉनिटर धावत खाली गेली. त्याच्या कानात, नाकाच्या कडांना, पापण्यांत गव्हाचा भुसा होता. तिनं तो बोटानं काढायचा प्रयत्न केला. जवान म्हणाला, “ताई, बाजूला व्हा.” ती बाजूला झाली.

त्यानंतर कोठी फोडावी लागली. मुकादमाचा दोर धरून वेल्डरचे तळहात सोलले होते, त्यांना त्यानं अजून पाणीसुद्धा लावलं नव्हतं. त्याच हातांनी त्यानं पत्रा कापला. काळा, जळका, मग पाण्यानं भिजलेला गहू ढिगानं बाहेर पडला. ज्याला आच लागली नव्हती त्यालाही धुराचा वास लागला होता. त्यातला खाण्याजोगा निवडायला चाळणीच्या शेडमधल्या बायका कित्येक दिवस बसल्या. निम्म्याहून बराच जास्त गेला.

गावांमध्ये वाटा कमी झाला. यंत्रणेनं ते कामही चोख केलं. कुठल्या घरात किती तोंडं, कुठं आजारी, कुठं बाळंतीण, सगळं पाहून तिनं उरलेल्या धान्याचे असे भाग पाडले की कुणाची चूल पुरती विझली नाही, आणि कुणाचं पोटही भरलं नाही. मॉनिटरच तो आराखडा रोज पुढं पाठवत होती. चौकशी झाली. सेटिंग आपोआप परतणं हा यंत्रणेचा दोष ठरला, दुरुस्त झाला. पंख्यांबद्दल तिला कुणी विचारलंच नाही. साहेबांनी फक्त एकदा फोन करून म्हटलं, “तुमच्या जागी मी काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही.” रेशनच्या दुकानापुढच्या रांगेत तीही उभी राहायची. काही बायका तिच्या भावाची चौकशी करायच्या. काही तिला पाहून तोंड फिरवायच्या, आणि तिला त्यांचंच बरोबर वाटायचं.

दादा इस्पितळात बरेच दिवस होता. पायांत जोर नव्हता. पहिल्यांदा बोलला तेव्हा त्यानं एकच विचारलं, “किती उरला?”

मॉनिटरनं खरं ते सांगितलं.

तो भिंतीकडं वळला. त्या दिवसापासून त्यानं जेवण टाकलं. ताट यायचं, तसंच परत जायचं. डॉक्टरांनी समजावलं, वहिनीनं समजावलं, रागावली, रडली. तो म्हणायचा, “भूक नाही.” वहिनी बाहेर बाकावर येऊन म्हणाली, “गव्हातून उपसून काढला गं मी याला. आता कशातून काढू?”

मॉनिटर आत गेली. ताट मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेवर बसली.

“मी सांगितलं होतं तुला बंद कर म्हणून,” तो भिंतीकडंच बघत म्हणाला.

“हो.”

“तुझी वहिनी आत होती म्हणून चालू ठेवलास ना?”

हो म्हणणं सोपं होतं. त्याला तेवढंच ऐकायचं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “वहिनीला ओढून काढता आलं असतं. तू होतास म्हणून.”

“लोकांची पोरं अर्धपोटी आहेत.”

“मला माहीत आहे. त्यांचे वाटे मीच पाडते.”

“मग मी कोणत्या तोंडानं जेवू?”

तिनं घास केला आणि त्याच्या तोंडापाशी धरला. त्यानं तोंड उघडलं नाही. तिनंही हात खाली घेतला नाही. हात भरून आला तरी घेतला नाही. बाहेर परिचारिका औषधांची गाडी ढकलत गेली आणि परत आली. शेवटी त्यानं तोंड उघडलं, ते भुकेनं नव्हे, तिचा हात खाली यावा म्हणून. घास चावताना त्याच्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरत होतं. त्यानं ते पुसलं नाही आणि तिच्याकडं पाहिलंही नाही.

तिनं दुसरा घास केला.