वाळवंटातला बांध

मी आणि माझा चुलतभाऊ भिमाजी नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो, आणि तरी राजस्थानच्या सहलीला एकाच बसने गेलो. हे सगळं बायकांनी घडवून आणलं. माझी कस्तुराबाई आणि भिमाजीची सरुबाई या जावा. आम्ही तोंडं फिरवली तरी त्या दोघी पिठाच्या गिरणीत, लग्नाकार्यात, देवळाच्या पायरीवर बोलतच राहिल्या. कामशेतच्या कैलासने जानेवारीत सहल काढली, तेव्हा दोघींनी नावं दिली आणि आपापल्या नवऱ्याला सांगितलं, की दुसऱ्या घरचं कोणी येत नाही.

कामशेतच्या चौकात बसच्या पायरीपाशी मी आणि भिमाजी समोरासमोर आलो.

"हा कुटं चाललाय?" मी बायकोला विचारलं.

"उंट बघायला," कस्तुराबाई म्हणाली. "तुमीबी तितंच चाललाय. चढा वर, मागं माणसं खोळंबल्यात."

भिमाजी माझ्या मागे तीन बाकं सोडून बसला. राजस्थान येईपर्यंत त्याचा खोकला तेवढा मला ऐकू येत होता.

भांडण बांधाचं. आमच्या गावी, वडिवळ्यात, आमची भाताची खाचरं एकाखाली एक आहेत. वरचं माझं, खालचं त्याचं, मध्ये सामाईक बांध. नऊ वर्षांपूर्वी आषाढात तो बांध फुटला. माझ्या खाचरातलं पाणी चिखल घेऊन त्याच्या शेतात घुसलं आणि दोन दिवसांपूर्वी लावलेलं इंद्रायणी भाताच्या रोपांचं आवण मुळासकट ओढ्याला गेलं. मी म्हणालो, खेकड्यांनी बांध पोखरला. मावळात खेकडे बांध पोखरतातच, त्यात कोणाला नवल वाटत नाही. भिमाजी चारचौघांत म्हणाला, "ह्यो खेकडा दोन पायाचा व्हता." तिथून प्रकरण वडगावच्या कोर्टात गेलं.

खरं काय ते मला ठाऊक होतं. दर उन्हाळ्यात मी माझ्या बाजूने बांध कुदळीने तासत आलो होतो. बोटबोट. भाताची एक ओळ जास्त बसावी म्हणून.

केस सुरू झाली तेव्हा मी अंगठा देत असे. कागदावर काय लिहिलंय ते कळत नव्हतं, म्हणून ते आपलं वाटत नव्हतं. पुढे सून माधवीने मला अक्षरं शिकवली. सहलीच्या आधी वकिलाने मी सांगितलं तसंच प्रतिज्ञापत्र लिहून आणलं. ते मी स्वतः वाचलं. 'सदर बांधास मी कधीही हात लावलेला नाही.' त्याखाली माझी सही, माझ्या हातची. परत आल्यावर वीस फेब्रुवारीला न्यायाधीशासमोर शपथेवर तेच बोलायचं होतं. ते वाक्य घेऊनच मी बसमध्ये बसलो होतो.

जैसलमेरचा किल्ला दुरून दिसला तेव्हा बसमधली चाळीस माणसं एकदम खिडक्यांकडे सरकली. लोहगड आणि विसापूर बघत मी म्हातारा झालो. आमचे किल्ले काळे, शेवाळलेले, वर्षाचे चार महिने ढगात. हा किल्ला हळदीच्या रंगाचा होता आणि त्याच्यावर ढगाचा एक ठिपकाही नव्हता. बुरुजावर बुरुज. सगळी टेकडीच उठून उभी राहिल्यासारखी. आणि आत माणसं राहत होती! दारात रांगोळी, गॅलरीत वाळत घातलेली लुगडी, शाळेतून येणारी पोरं. आठशे वर्षं तिथे चूल पेटते आहे, असं कैलास म्हणाला.

"हितं पाणी कुटनं आणत असतील रं?" कस्तुराबाईने पहिली गोष्ट ती विचारली.

"मावशी, खाली तलाव आहे ना. राजाने खोदलेला. उद्या दाखवतो."

"आन पाऊस?"

"वर्षाला सात-आठ इंच."

"लोणावळ्यात येवढा एका दिसात पडतो की!" सरुबाई म्हणाली. "भुशी धरणाच्या पायऱ्यांवरनं निस्ता वाहून जातो. पोरं त्यात भिजायला येत्यात."

हवेल्या पाहिल्या. कार्ल्याची लेणी आमच्या दाराशीच, दगड कोरलेला मी कमी पाहिलेला नाही. पण तिथे अख्खा डोंगर आतून कोरलाय, आणि इथे दगड सुपारीसारखा कातरलाय. खिडकीच्या जाळीतून पलीकडचं उजेडाने भरलेलं अंगण दिसत होतं. मी जाळीला बोट लावून पाहिलं. दगडच होता, उन्हाने कोमट झालेला. भिमाजीही पलीकडच्या खिडकीला बोट लावून पाहत होता. आमची नजर भेटली. दोघांनीही बोटं काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी तलाव पाहिला आणि मग कुलधरा. ते ओसाड गाव आहे. सरळ आखलेल्या गल्ल्या, दोन्ही बाजूंना घरं, भिंती उभ्या आणि एकावरही छप्पर नाही. सांगतात, की दोनशे वर्षांपूर्वी इथली माणसं एका रात्रीत निघून गेली. कोणी म्हणतं दिवाणाच्या जाचाने, कोणी म्हणतं पाणी आटलं म्हणून. परत कोणी आलं नाही. मी एका घरात शिरलो. कोनाडा होता. चुलीची जागा होती. उंबरा मधोमध झिजला होता, कितीतरी पायांनी. त्यावर पाय देताना मी आपसूक चप्पल काढली.

तिथून निघाल्यावर बस चहासाठी एका टपरीपाशी थांबली. दोन दिवस सगळं पिवळं पाहून डोळे थकले होते. टपरीच्या मागे पाहिलं तर हिरवं शेत.

मला वाटलं, डोळ्यांना भास होतोय. मी चहा तसाच ठेवून चालत गेलो. गहू होता, गुडघ्याच्या वर, ओंब्या धरलेला. पलीकडे हरभरा. पाचपन्नास एकर तरी असेल. मी विहीर शोधली. नव्हती. पाइप शोधला, मोटर शोधली, पाट शोधला. काहीच नव्हतं. खाली बसून मी ढेकूळ काढलं आणि भोकात बोट घातलं. पेरभर खाली माती ओली होती.

चार महिने तिथे पावसाचा थेंब पडला नव्हता.

शेतात एक म्हातारा होता, लाल पागोटं घातलेला, माझ्याच वयाचा. कैलास मागून आला होता, त्याने हिंदीत विचारून मला सांगितलं. याला खडीन म्हणतात. भोवतीच्या खडकाळ माळावर जो काही पाऊस पडेल, तो सगळा उतारावरून इथे येतो. या अंगाला बांध घालून तो अडवलाय. दोन-तीन महिने इथे तळं साठतं, मग पाणी जमिनीत मुरतं, आणि त्या ओलीवर गहू पेरायचा. पुन्हा पाणी द्यावं लागत नाही.

मग मी बांध पाहिला. आधी तो मला टेकाड वाटला होता. माणसापेक्षा उंच, वर बैलगाडी जाईल एवढा रुंद, आतून दगडाने बांधलेला. नजर जाईल तिथपर्यंत वळण घेत गेलेला.

"कोणी घातला विचार," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने हात करून दाखवलं. त्या ओसाड गावाच्या दिशेने.

ज्यांची छपरं राहिली नाहीत, ज्यांची नावं कोणाला ठाऊक नाहीत, त्यांचा बांध उभा होता. त्यांनी अडवलेल्या पाण्यावर आज परक्यांच्या घरी भाकरी होत होती. आणि हे सगळं सात-आठ इंच पावसात. आमच्याकडे आभाळ फाटल्यासारखं कोसळतं, आणि आम्हाला दोन हाताचा बांध नऊ वर्षं धड ठेवता आला नव्हता.

"हितं किती जणांची शेती हाय?"

"अकरा घरांची," कैलासने विचारून सांगितलं.

"मग बांध कुणाच्या नावावर?"

हा प्रश्न म्हाताऱ्याला कळलाच नाही. कैलासने दोनदा विचारला. तेव्हा तो हसला आणि त्याने वाकून वाटेतला एक दगड उचलला, बांधावर नेऊन एका खाचेत बसवला, हात झटकले. कैलासला काहीतरी म्हणाला.

"म्हणतो, जो येईल-जाईल त्याने एक दगड ठेवायचा. एका जागी फुटला तर अकराही घरं उपाशी. नाव कशाला पाहिजे?"

माझ्या मागे खोकला ऐकू आला. भिमाजी कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. तो माझ्याकडे पाहत नव्हता, बांधाकडे पाहत होता.

"हितं खेकडं नसत्यात," तो वाऱ्याला म्हणावं तसं म्हणाला. "म्हणून टिकला."

नऊ वर्षांतलं त्याचं माझ्या दिशेने आलेलं पहिलं वाक्य. माझ्याकडे उत्तर तयार होतं, कोर्टात द्यायचं तेच. पण त्या बांधासमोर ते तोंडातून निघेना. एवढ्या मोठ्या खऱ्या वस्तूपुढे ते फार लहान वाटलं.

"खेकडं आपल्याकडंबी नव्हतं, भिमा," मी म्हणालो. "मीच तासला."

कैलास हळूच चहाकडे निघून गेला.

गव्हावरून वारा जात होता. भिमाजीने विचारलं, "किती?"

"वीतभर."

"दीड वीत."

"बरं, दीड."

"मी मोजलंय. बांध फुटला त्याच दिशी, पावसात. खालच्या जांभळाच्या झाडापासनं. आवण गेल्याचं कायबी न्हाई रं. चार पोरांत तू मला खोटं पाडलंस. म्हातारा बरळतो म्हणायला लागली पोरं."

"कोर्टात सांगतो. वीस तारखेला. सगळ्यांसमोर."

"सांगशील?"

"माझी सही हाय त्या कागदावर. मलाच खोडाया लागंल."

त्याने खाली पाहिलं. पायाशी नारळाएवढा एक दगड होता. तो उचलायला वाकला, तर कमरेने साथ दिली नाही. मी दुसऱ्या बाजूने हात घातला. म्हाताऱ्याने दाखवली त्या खाचेत आम्ही तो दगड बसवला. नीट बसेना, तेव्हा भिमाजी मला म्हणाला, "उलटा कर, मुडद्या." उलटा केला. बसला.

बसमध्ये सरुबाई आणि कस्तुराबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. आम्हाला एकत्र येताना पाहून दोघींनी एकदम खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

वीस फेब्रुवारीला मी कोर्टात उभा राहिलो आणि जे खरं ते सांगितलं. वकील कपाळाला हात लावून बसला. दाराबाहेर आमच्या गावची पोरं होती. तीही ऐकत होती. भिमाजी त्यांच्याकडे बघून नुसता खोकला.

वैशाखात आम्ही बांध पुन्हा घातला. भिमाजीने जांभळापासून दोरी धरली आणि दीड वीत मोजली. मी माझ्या खाचरात दोन वीत आत सरकून खुंटी ठोकली. त्याने दोरी आणून त्या खुंटीला बांधली. जुना भाग खणताना खोल बिळातून एक खेकडा निघाला, मातीने माखलेला, नांगी उगारून.

"सोपाना," भिमाजी म्हणाला, "नऊ वर्षांनी तुझा साक्षीदार आला बघ."

मी त्याला फावड्यावर घेतला आणि ओढ्याच्या डबक्यात नेऊन सोडला. परत येऊन ते बीळ दगड-मातीने भरलं आणि पायाने दाबून घट्ट केलं.