काथ्याची गादी

ही गोष्ट १९९७ सालची, इस्रायलमधल्या नेतिवोतची. शाळेकडे जाणाऱ्या पायवाटेचा बांध दर हिवाळ्यात पावसाने ढासळायचा. तिथली माती पिवळी, पिठासारखी. कोरडी असेतो दगड, पाणी लागलं की लापशी. तरुण इंजिनिअर एफ्रातने ठरवलं, सिमेंट न ओतता पाडलेल्या घरांचा चुरा आणि हाताशी मिळेल ते मातीत मिसळून बांध बळकट करायचा. कामावरच्या दोन बायकांना तिने दहा-दहा मीटरचा तुकडा दिला. जिचा तुकडा हिवाळ्याच्या पावसात टिकेल तिच्याकडे सगळ्या कामाची मुकादमी.

त्या दोघी सख्ख्या जावा होत्या, कोकण-मुंबईकडून तिथे आलेल्या ज्यू कुटुंबातल्या.

थोरली हाना रोह्याजवळच्या खेड्यातली. लहानपणी आईबरोबर तिने खळी चोपली होती, अंगणं चोपली होती. मुकादमी आपलीच, असं ती धरूनच चालली होती. धाकटी सोफी भायखळ्याची, फरशीवर वाढलेली. पण सासूचा सारा जीव सोफीवर. मुंबईहून बोटीने आणलेली काथ्याची गादीसुद्धा म्हातारीने जाताना तिलाच दिली. अकरा वर्षं ती गादी हानाच्या डोळ्यांत सलत होती.

आणि एका गुरुवारी सोफीने तीच गादी बांधावर आणून टराटरा फाडली.

"अगं, सासूबाईंची गादी!" हाना किंचाळली.

"ढेकूण झालेत, जाऊबाई. काथ्या मात्र अजून चिवट आहे. मातीत घालते."

"घाल. त्यात मुंबईची हुशारीही कालव थोडी."

एफ्रातने काथ्याची बट दोन्ही हातांनी ओढून पाहिली. तुटेना. "योफी, सोफी, योफी!" ती खूश होऊन हिब्रूत शाबासकी देत म्हणाली. हानाच्या तुकड्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

सोफीने माती भिजवली, काथ्या कालवला, लाकडी चोपण्याने बडवली. हाना बघत राहिली. भुईला तिसऱ्या दिवशी, ओल असतानाच, दुसरी चोपणी लागते. नाहीतर तडे जातात. गुरुवारपासून तिसरा दिवस म्हणजे शनिवार, शब्बाथ, कामाला हात लावायचा नाही. म्हणून हानाची आई गुरुवारी कधी भुई भिजवत नसे. हानाने स्वतःची माती सोमवारीच भिजवली होती. शब्द अगदी जिभेवर आला. तिने तो गिळला.

रविवारी सोफीचा तुकडा तडकला होता. "फरशीवर वाढलेल्यांना भुई काय कळणार," हाना म्हणाली, आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

नोव्हेंबरात दोन दिवस पाऊस कोसळला. हानाचा आरशासारखा तुकडा अख्खाच्या अख्खा घसरून खाली बसला. सोफीचा वेडाविद्रा, पण जागेवर. फटींतून काथ्या दिसत होता, माती मुठीत धरल्यासारखा.

मुकादमी सोफीकडे गेली. ती हानाजवळ येऊन म्हणाली, "काथ्या माझा, चोपणी तुमची, जाऊबाई. माझ्या भुईला तडे का गेले?"

"दुसरी चोपणी तिसऱ्या दिवशी..." हाना बोलून गेली आणि थांबली.

सोफीने बोटांवर दिवस मोजले. "म्हणजे तुम्हाला गुरुवारीच ठाऊक होतं."

सोफीने चोपणं हानाच्या हातात दिलं आणि पुढे चालू लागली.

एफ्रात पुढे किर्यात गात गावच्या कारखान्यात लागली. सोफीने घरोघरच्या जुन्या गाद्या मागून आणून सात वर्षं बांध घातले. त्यावर चोपणी हानाचीच, आणि गुरुवारी कधीच नाही. त्या गुरुवारचा विषय सोफीने पुन्हा काढला नाही, पण जाऊबाईंच्या घरचा चहाही ती पुन्हा प्यायली नाही. २००८ साली ती गेली. मयतीला लोटलेली माणसं हाना मोजत राहिली.

त्यानंतर हाना शाळेच्या वाटेने जाताना थांबायची, बांधात काठी टोचून बघायची. काठी रुतायची नाही.

"स्वतः गेली," ती पुटपुटायची, "पण गादी काही सोडली नाही मेलीने."