नेट फक्त हॉलमध्ये

ताईने हॉलमधल्या राऊटरची वायर उपटली, मनातल्या मनात तीसपर्यंत मोजलं आणि परत खुपसली. त्याचे दिवे लागायच्या आत ती स्वयंपाकघरात पोचलीसुद्धा होती. मोबाइलवर स्पीडचा काटा जरासा वर गेला, दचकला आणि खाली येऊन बसला.

"ये रे माझ्या मागल्या," ती म्हणाली.

आई ओट्याजवळच्या स्टुलावर मांडीत टॅबलेट घेऊन बसली होती. साडेतीन वाजले होते. चारला धाकट्याचा कॉल यायचा होता आणि साडेचारला त्याच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात मोबाइल बंद करायला लावायचे.

धाकटा जन्मापासून बहिरा. तो हातांनी बोलायचा, त्यामुळे चित्र अडकलं की वाक्यच मोडायचं. दूरच्या शहरात, कपड्यांच्या कारखान्यात तो कटिंग मास्तर होता. जड कात्री चालवून चालवून मनगटं कामातून गेली होती, उद्या सकाळी दोन्हींचं ऑपरेशन होतं. पुढे दीड महिना हात हलवायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पोटभर बोलून घ्यायला आजचा अर्धा तासच काय तो होता.

"लिहून कळव म्हणावं," हॉलमधून बाबा म्हणाले. "मेसेज असतात ना?"

"हात बांधल्यावर लिहिणार कशाने, बाबा?"

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

ताईच्या पायाला भिंगरी लागली होती. फ्रीजजवळ, खिडकीत, मोरीच्या दाराशी, सगळीकडे मोबाइल धरून झाला. शेवटी तिने कंपनीच्या माणसाला फोन लावला. या घराच्या तक्रारी त्याला पाठ होत्या.

"मॅडम, तुमचा राऊटर दोन नावांनी नेट देतो. साध्या नावावर शेजारपाजारच्या सगळ्या राऊटरांची गर्दी आहे. शेवटी फाइव्ह जी लिहिलेलं नाव पकडा, ते पळतं."

"इथे ते दिसतच नाही."

"मध्ये दोन भिंती आल्या ना! त्याला भिंत सोसत नाही. राऊटर आहे त्या खोलीत बसून बोला की. काय प्रॉब्लेम आहे?"

काय प्रॉब्लेम आहे, हे तिला सांगता आलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, असंच त्याला वाटलं असणार.

हॉलमध्ये हातांना बंदी होती. धाकटा चार वर्षांचा असताना एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की खुणा करू दिल्यात तर पोरगा तोंडाने कधीच बोलणार नाही. बाबांनी ते मनावर घेतलं. रोज संध्याकाळी त्याला हॉलमध्ये समोर बसवून ते ओठ हलवत, त्याच्याकडून एकेक अक्षर काढून घेऊ बघत, आणि त्याचे हात वर आले की धरून मांडीवर ठेवत. सगळं मायेपोटीच. खुणांचं बोलणं मग आई आणि दोन्ही मुलं स्वयंपाकघरात दार लोटून बोलली. धाकट्याला घर सोडून नऊ वर्षं झाली, तरी त्याचे कॉल स्वयंपाकघरातच घेतले जात. तसं कोणी ठरवलं नव्हतं.

"आई, ऊठ. हॉलमध्ये बसायचंय."

आई जागची हलली नाही. "तिथे हे आहेत."

"असू देत."

"त्यांना जरा बाहेर चक्कर मारून यायला सांगू का?"

"आई, पाच मिनिटं राहिलीत!"

चारला टॅबलेट वाजला तेव्हा दोघी हॉलमधल्या सोफ्यावर होत्या. चित्र इतकं स्वच्छ होतं की मनगटांवर डॉक्टरांनी पेनाने मारलेल्या रेघा दिसत होत्या. धाकट्याने हसून हात उचलले. मग त्याची नजर आईच्या मागे गेली आणि हात खाली आले.

"अडकलं," पाठीमागून बाबा म्हणाले. "एवढा खटाटोप करून शेवटी अडकलंच."

पडद्यावर, धाकट्याच्या मागून, एक नर्स ट्रे घेऊन गेली.

"नाही अडकलं, बाबा," ताई म्हणाली. "नेट मस्त चाललंय."

बाबा उठून जवळ आले. तिशीचा बाप्या, पण धाकटा दोन्ही हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलासारखा बसला होता. बाबा त्या हातांकडे बघत राहिले. चार वाजून सात मिनिटं झाली. ताईला बाबांचा संताप आला आणि त्यांची कीवही आली.

बाबांनी टीव्ही बंद केला. खुर्ची ओढून ते आईच्या शेजारी बसले.

"'बोल' कसं म्हणायचं?"

ताईने दाखवलं. बाबांनी तळहात शर्टाला पुसला आणि पडद्यासमोर धरला. कशीबशी त्यांनी ती खूण केली, आणि नीट झाली नसेल म्हणून परत केली.

धाकटा बघत राहिला. मग त्याचे हात सावकाश वर आले आणि जरासे हलले.

"काय म्हणतोय?" बाबांनी घाईघाईने विचारलं. "अगं, काय म्हणतोय तो?"

ताई बाबांकडे वळली.

"म्हणतोय, अंगठा आत घ्या."