उंबऱ्यापर्यंतचं मीठ

कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला न्यायचा म्हणून सकाळी दार उघडलं आणि पाऊल जागच्या जागी थबकलं. पायऱ्यांवर मीठ! पांढरं, जाड, चांगलं खडेमीठ. खालच्या पायरीपासून वर, थेट उंबऱ्यापर्यंत. आणि उंबऱ्याच्या आत? एक खडा नाही. म्हणजे हातून सांडलेलं नव्हतं. कोणीतरी उंबरा बघून, बेताने टाकलेलं होतं.

मी काही भोळी नाही. इथे अमेरिकेत, बॉथेलमध्ये आयुष्य गेलं, पण बालपण जालन्याचं. दुसऱ्याच्या दारात मीठ कोण टाकतं आणि कशाला टाकतं, हे मला कोणी शिकवायला नको. आमच्या घरात आजोबांपासून सगळे ख्रिस्ती, दृष्ट, करणी असलं काही मानायचं नाही हे लहानपणीच पाठ करून घेतलेलं. मानत नाहीच मी. पण झाडू घेऊन ते मीठ लोटताना हातात रबरी मोजे मात्र घातले. उगाच विषाची परीक्षा कशाला?

आता तुम्ही म्हणाल, बाई, अमेरिकेत थंडीत पायऱ्यांवर मीठ टाकतातच, बर्फ धरू नये म्हणून. अहो, माहीत आहे मला! त्याची पिशवी आमच्या गॅरेजमध्ये पडलीय. माझे मिस्टर, मनोहर, दर वर्षी एकाच दुकानातून आणायचे. त्याचे निळे निळे दाणे असतात. हे पांढरं होतं, आणि बर्फ तरी कुठे होता? लख्ख कोरडी सकाळ. पायऱ्या खडखडीत.

संशय घ्यायला मला फार लांब जावं लागलं नाही. समोरच्या घरात चैत्राली राहते. नागपूरची, सॉफ्टवेअरवाली, बोलायला साखरेहून गोड. संक्रांतीला स्टीलच्या डब्यात तिळाचे लाडू घेऊन आली. "काकू, तिळगूळ घ्या, गोड बोला," म्हणाली, आणि बोलता बोलता डोळे घरभर. मनोहरांच्या फोटोवर, जिन्यावर, मागच्या अंगणावर. "एवढ्या मोठ्या घरात एकट्याच राहता काकू? भीती नाही वाटत?"

बघा! कोणी सहज विचारतं का असं? तिचा भाऊ तिकडच्या प्लेनो शहरातून इकडे जॉब घेऊन येतोय आणि घर शोधतोय, हे तिनेच मला आधी सांगितलेलं. म्हातारी घाबरून घर विकेल, असा हिशेब असणार. लाडू मी खाल्ले नाहीत. डबा तसाच फ्रिजवर ठेवून दिला.

त्या आठवड्यात मीठ पुन्हा पडलं. मग पुन्हा. मी झाडायची, ते पडायचं. एकदा मी झाडत असताना चैत्राली गाडी काढत होती. काच खाली करून म्हणते कशी, "काकू, पहाटे तुमच्याकडे कोण येतं हो?"

"मला काय ठाऊक? तुलाच माहीत असेल," मी म्हटलं. तिचा चेहरा एवढासा झाला. होऊ दे की.

तुम्ही म्हणाल, दारावर कॅमेरा का नाही लावला? होता. परीक्षितने बसवलेला. मागच्या वर्षी तो मी पेचकस घेऊन उचकटून काढला. त्याने कुठेतरी बसून फोनवर माझं दार बघावं, हे मला नको होतं.

परीक्षित माझा मुलगा. एकुलता एक. सांगते त्याचंही.

आत्ताच्या नव्हे, त्याच्या आदल्या नाताळात तो राहायला आला होता. बाहेर कडाक्याची थंडी पडलेली. झोपायला जाताना मनोहर त्याला म्हणाले, "परी, पायऱ्यांवर तेवढं मीठ टाकून ये रे. सकाळी लवकर चर्चला जायचंय मला, खुर्च्या लावायच्यात." हा सोफ्यावर फोन घेऊन लोळलेला. थोड्या वेळाने त्यांनी जिन्यावरून विचारलं, "टाकलंस का?" हा म्हणाला, "डन, बाबा." जागचा हलला नव्हता, आणि डन!

त्या एका शब्दावर विश्वास ठेवून माझ्या नवऱ्याने सकाळी पायरीवर पाय ठेवला. रात्रीचं पाणी दगडावर गोठलेलं, त्यावर पहाटेचा नवा भुसभुशीत बर्फ. खालचं काही दिसत नव्हतं. आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. डोकं खालच्या पायरीच्या कडेवर आपटलं होतं. हॉस्पिटलमधून ते परत आलेच नाहीत. गॅरेजमध्ये निळ्या दाण्यांची पिशवी होती, सील न फोडलेली.

दफनविधी करून घरी आलो तेव्हा परीक्षितला मी दारातच थांबवलं. "या उंबऱ्याच्या आत पुन्हा पाऊल टाकायचं नाही," म्हटलं. तो तसाच मागे वळला. गेला. इथून जवळच, लिनवूडला राहतो. फोन करायचा, मी उचलायची नाही.

आता खरं सांगायचं तर, मीठ तो टाकत असेल, असं एकदा माझ्या मनात आलं होतं. एकदाच. आणि असं कडू हसू आलं! तो मीठ टाकणार? त्याला मीठ टाकता आलं असतं तर माझं कुंकू, म्हणजे आम्ही लावत नाही, पण माझं माणूस आज घरात असतं.

रविवारी दुपारी आमची मराठी मंडळी एका अमेरिकन चर्चच्या हॉलमध्ये उपासनेला जमते. त्या रविवारी हवामानखात्याने बर्फ सांगितला होता, आणि आमचे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, शशिकांत यांनी संदेशालाही नेमका तोच विषय घेतला. "उद्या सकाळी खिडकीतून बघा," म्हणाले. "कोणाचं अंगण झाडलेलं, कोणाचं घाण, बर्फ विचारत नाही. सगळ्यांवर सारखाच पडतो, सगळंच पांढरं करतो. देवबापाची क्षमा तशीच आहे. पडणारा बर्फ बघितला की आठवा, आपल्यालाही अशीच मिळाली आहे."

सगळे आमेन म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उठून विचारावंसं वाटलं, साहेब, ज्या बर्फाने माझा नवरा नेला, तो क्षमा? झाकलं म्हणजे साफ झालं का? खाली दगडाची कड तशीच असते की! आणि बोलताना ते माझ्याकडेच बघत होते. शंभर टक्के. परीक्षितने यांचे कान भरले असणार.

संदेशानंतर प्रभुभोजन, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि प्याल्यातला द्राक्षरस सगळ्यांनी मिळून घ्यायचा. मनात कोणाबद्दल अढी असेल तर भाकरीला हात लावायचा नाही, आधी समेट करायचा, अशी आमची शिकवण. म्हणून वर्षभर मी काय करते, तर भाकर आणि प्याला फिरायला लागला की उठते आणि किचनमध्ये चहा बघायला जाते. लोकांना वाटतं, रत्नाबाई किती कामाच्या!

उपासना संपल्यावर पाळकसाहेब किचनच्या दारात येऊन उभे राहिले. "रत्नाबाई, पुढच्या वेळी चहा मी बघतो. तुम्ही बसून राहा."

"तुम्हाला नाही जमायचं, साहेब. तुम्ही साखर जास्त टाकता."

"परीक्षित भेटला होता."

"वाटलंच मला! काय म्हणाला? आई दगड आहे?"

"नाही. बर्फ पडला तर तुम्हाला चर्चला कोण आणतं, एवढंच विचारत होता."

मी गाळणी सिंकमध्ये आपटली. "आत्ता सुचली काळजी? उशीर झाला म्हणावं." पाळकसाहेब कपांचा ट्रे उचलून बाहेर गेले. मी मात्र तीच गाळणी पुन्हा पुन्हा घासत राहिले. रागाने, दुसरं काय!

घरी आले आणि ठरवून टाकलं. उद्या चैत्रालीला रंगेहाथ पकडायचं.

सोमवारी फटफटायच्या आत उठले. दिवे लावले नाहीत. शाल गुंडाळून, हातात फोन घेऊन, दाराशेजारच्या उभ्या काचेमागे स्टुलावर बसले. बर्फ नुकताच भुरभुरायला लागला होता. रस्ता, गाड्या, चैत्रालीचं अंगण, सगळं हळूहळू पांढरं होत होतं. गुडघे ठणकत होते, पण जागा सोडली नाही.

एक गाडी आली. आमच्या दारात नाही, चैत्रालीच्या दारात थांबली. हूड ओढलेला एक पुरुष उतरला, हातात बादली. म्हटलं, सापडला! भाऊ! प्लेनोवाला भाऊच हा! बाईने स्वतः यायचेही कष्ट घेतले नाहीत. मी फोनचा कॅमेरा चालू केला.

तो रस्ता ओलांडून आला. खालच्या पायरीशी उकिडवा बसला. जिथे मनोहरांचं डोकं आपटलं होतं ना, त्या कडेवरचा बर्फ त्याने उघड्या तळहाताने पुसून काढला. मग बादलीतून मुठीने मीठ घेऊन पसरायला लागला. कोपऱ्यात, कडेला, सांधीत, कुठे जागा सुटू नये असं. एक पायरी झाली की पायाने दाबून बघायचा, मग वरची. असं करत करत तो वर आला, माझ्यापासून हातभर अंतरावर. मध्ये फक्त काच. मी श्वास रोखला.

उंबऱ्याशी तो गुडघ्यावर बसला. मीठ टाकताना एक खडा घरंगळून उंबऱ्यावर गेला. त्याने दोन बोटांनी तो खडा उचलला आणि परत बाहेर ठेवला. मग वर बघितलं. हूडखाली माझ्या पोराचा चेहरा होता. दाढी वाढलेली, गाल बसलेले.

माझ्या हातात फोन तसाच. फोटो नाही काढला गेला.

तो उठला, पाठमोरा होऊन खाली उतरला. पायऱ्या संपून घरापुढच्या गाडीच्या वाटेवर पाय पडला, तिथे मीठ नव्हतं. त्याचा पाय सर्रकन सरकला. मी दार कधी उघडलं ते मला कळलंच नाही.

"परी! अरे सांभाळ, पडशील!"

तो कसाबसा सावरला. वळून माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात वर केले, पकडलेल्या चोरासारखे. "सॉरी, आई. आय वॉज जस्ट लीव्हिंग. मी आत नाही आलो. बघ ना, उंबऱ्याच्या बाहेरच आहे सगळं."

सुरीच फिरली हो माझ्या काळजातून. ज्या गोष्टीवरून मी करणी ओळखली होती, ती माझीच आज्ञा होती. पोरगं ती पाळत होतं.

पण जिभेला सवय पडलेली ना. म्हटलं, "कधीपासून चाललंय हे?"

"या विंटरपासून. वेदरचं ॲप फ्रीझिंग दाखवतं त्या दिवशी येतो, कामावर जायच्या आधी. लास्ट इयर हिंमत नाही झाली."

"आणि झालं सगळं? डन?" मुद्दाम म्हटलं मी. लागावं म्हणूनच म्हटलं.

त्याने मान खाली घातली. "तो वर्ड मी नाही वापरत आता, आई. मी परत चेक करतो फक्त." मग म्हणाला, "बाबांना मी खोटं बोललो. आय नो. तू माफ कर म्हणून नाही येत मी. तू पडू नयेस म्हणून येतो."

बर्फ पडत होता. त्याच्या हूडवर, बादलीवर, माझ्या शालीवर, सारखाच. राग गेला, असं मी खोटं सांगणार नाही. तो होता तिथेच. पण "पडशील" हा शब्दही माझ्याच तोंडून गेला होता. तो शब्द काही मी परत घेऊ शकत नव्हते.

"बूट काढ," मी म्हटलं. "फरशी ओली करशील."

तो पायऱ्या चढून वर आला, पण शेवटच्या पायरीवरून हलेना. उंबऱ्याकडे बघत राहिला. "आर यू शुअर?"

"मेल्या, थंडीने कुडकुडतेय मी इथे! ये म्हटलं ना?" मी खाली वाकून त्याचं मनगट धरलं आणि ओढलं. तळहात लागला हाताला. मिठाने चिरा पडलेला, लाल झालेला. मी ते मीठ रबरी मोजे घालून झाडत होते, आणि हा उघड्या हातांनी टाकत होता. तिथे मात्र मला रडू आवरलं नाही. आम्ही दोघंही दारातच उभं राहून रडलो, आत येईपर्यंत फरशीवर बर्फाचं तळं झालं.

घरात त्याला द्यायला ताजं काही नव्हतं. फ्रिजवरचा डबा काढला. त्याने लाडू खाता खाता विचारलं, "कोणी दिले?"

"समोरच्या चैत्रालीने. फार गुणाची मुलगी आहे." बोलले आणि मान दुसरीकडे वळवली. दुपारी तिचा डबा भरून परत द्यायला गेले, आणि माफीही मागितली. ती म्हणाली, "कशाबद्दल, काकू?" ते काही मी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी परीक्षित माझ्याबरोबर मंडळीत आला. भाकर आणि प्याला फिरायला लागला. मी खुर्चीत बसून राहिले, पदर सावरला. शेजारी बघते तर खुर्ची रिकामी. हा उठून गेला होता. कोणाला तरी हळूच म्हणाला म्हणे, "मी चहा बघतो."

मला त्या किचनची वाट चांगली माहीत आहे. उठले, सरळ आत गेले. तो शेगडीपुढे उभा होता, पाठ दाराकडे करून.

"चल," मी म्हटलं.

"आई, मी नाही घेऊ शकत. यू गो."

"चल म्हणते ना. मी तुझ्याबरोबर बसणार आहे." त्याचा तो चिरा पडलेला हात धरला आणि सगळ्यांच्या देखत त्याला खुर्चीपर्यंत आणलं. पाळकसाहेब ताट घेऊन आमच्यापुढे थांबले. भाकरीचा तुकडा मी घेतला, आणि तो घेईपर्यंत तोंडात घातला नाही.

चहा उतू गेला त्या दिवशी. शेगडी घासायला आम्ही दोघंच थांबलो.