मालाबाईची बोली

देवरूखच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर गोदा सकाळपासून बसून होती. तिचा नंबर लागला तेव्हा डॉक्टर काशीराम मयेकरांनी नाडी बघायला हात पुढे केला. गोदाने आपला हात पदराआड घेतला.

"मी आजारी नाय, डाक्तर," ती म्हणाली. "आजारी हाय ती रत्नागिरीस हाय. तिची बोली कुणाला कळत नाय. तुमाला कळंल म्हणून आल्ये."

"कुठली बाई?"

"ब्रह्मदेशची."

डॉक्टरांनी हात मागे घेतला. तिशीतला माणूस, पण कानशिलांवरचे केस पिकलेले. त्यांचे वडील रंगूनला आगबोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. डॉक्टर तिथेच वाढले, तिथेच डॉक्टरी शिकले आणि तीन वर्षांपूर्वी आईला घेऊन इकडे आले. सुकी मासळी विकायला देवरूखच्या बाजारात येणाऱ्या राहीकडून गोदाला एवढंच कळलं होतं. तेवढ्यावर ती सर्व्हिस मोटारीत बसून आली होती. मोटारीत बसायची तिची ही पहिलीच वेळ.

डॉक्टर म्हणाले की ती भाषा त्यांनी सोडली आहे. रत्नागिरीत मोठे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा. गोदा म्हणाली, एका डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले बाईचं डोकं फिरलंय. मग ती उठली नाही. बसल्या जागी तिने सगळं सांगायला सुरुवात केली.

ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं, तेव्हा त्याच्या माणसांत ही बाई दासी म्हणून आली. पंधरा वर्षांची असेल. पुढे राजवाड्याच्या बागेला पाणी घालणाऱ्या दादूशी तिने लग्न केलं. राजा वारला, त्याची माणसं बोटीत बसून परत गेली, ही दादूसाठी मागे राहिली. मग दादूही गेला. मूलबाळ नव्हतं. लग्नसराईसाठी कागदी फुलं करून ती पोट भरायची. नाव तिचं काहीतरी निराळं होतं, लोकांनी मालाबाई केलं. इन्फ्लुएंझाच्या साथीत गोदाच्या घराचा उंबरा कुणी ओलांडत नव्हतं, तेव्हा शेजारच्या खोलीतून मालाबाई आली आणि अकरा दिवस गोदाच्या उशाशी बसली. मराठी तर अशी बोलायची की अंधारात ऐकणाऱ्याला वाटावं, जवळच्या पावसची नाहीतर गोळपची कुणी बाई बोलते आहे.

आणि पंधरा दिवसांपूर्वी ती विहिरीवर पडली. उजवा हात, उजवा पाय गेला. शुद्धीवर आली तर तोंडात एकही मराठी शब्द नाही. सगळी तिची ती जुनी बोली. जागेचा मालक बाबल्याशेट म्हणत होता की बाईला बाधा झाली आहे, दादूला हाका मारते. सोमवारी तो तिला वेड्यांच्या इस्पितळात पोचवणार होता.

"हाका मारते म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"ये, ये म्हणते. सारखी. मी आपली जवळ जाऊन बसत्ये. हात धरत्ये. तरी म्हणते, ये."

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला.

"बाई, त्यांच्या भाषेत ये म्हणजे पाणी."

पहिल्या दिवशी पाणी पाजलं तेव्हा मालाबाईला जोराचा ठसका लागला होता. जीव जातो की काय असं वाटलं, म्हणून गोदा तेव्हापासून तिला घट्ट पेजच भरवत होती. पाणी दिलंच नव्हतं. हे तिने डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टरांनी भिंतीवरची टोपी काढली.

मोटारीत त्यांनी स्वतःहून सांगितलं, अगदी थोडक्यात. तीन वर्षांपूर्वी रंगूनच्या गोदीत दंगल झाली, ब्रह्मी लोकांनी आपल्याकडच्या लोकांना मारलं. वडील गोदीवरून घरी आले नाहीत. त्या दिवसापासून त्या भाषेतला एक शब्दही डॉक्टरांनी तोंडातून काढला नव्हता. अशा माणसाला आपण कुठे घेऊन चाललो, असं तिला वाटत राहिलं.

खोलीत मालाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. डॉक्टर तिच्याजवळ जमिनीवर बसले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"अमे," ते म्हणाले. गोदाला नंतर कळलं, अमे म्हणजे आई. "बेमा नाले?"

कुठे दुखतंय, एवढंच त्यांनी विचारलं होतं. मालाबाईने मान वळवली. गोरा माणूस नाही, राजाच्या माणसांपैकी नाही, काळासावळा कोकणातलाच कुणी, आणि तोंडात तिच्या आईची बोली. ती बघत राहिली. मग डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ती बोलायला लागली. जड जिभेने, अडखळत, पण थांबेना. डॉक्टर मधेमधे हुंकार देत होते. एकदा तर हसलेसुद्धा.

दुखत होती तिची पाठ. तिथे हाताच्या तळव्याएवढी जखम झाली होती आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कूस बदलायला गेलं की ती ओरडायची, म्हणून गोदा तिला हलवतच नव्हती. डॉक्टरांनी जखम धुतली, मलम लावलं, बसतं करून चमच्या-चमच्याने पाणी कसं पाजायचं ते गोदाला दाखवलं. मालाबाई वाटीभर पाणी प्यायली. मग गोदाकडे बघून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" गोदाने भीतभीत विचारलं.

"म्हणतात, मी पाणी मागितलं आणि ही येऊन बसली. दरवेळी आली. तेही लागतच होतं."

दाराशी उभ्या बाबल्याशेटला डॉक्टरांनी सांगितलं की बाधा नाही, वेडही नाही. हा अर्धांगवायू आहे. नंतर शिकलेली भाषा तेवढी हरवली आहे, आईची तेवढी राहिली आहे. बाबल्याशेट काही वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा राहिला, मग म्हणाला की छपराची दोन कौलं फुटली आहेत, ती बदलून देतो. इस्पितळाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

डॉक्टर दर पंधरवड्याला यायला लागले. गोदाला त्यांनी कामापुरते शब्द शिकवले, भूक, थंडी, झोप. ती भात कांडताना ते घोकायची. पाठ भरली. भाद्रपदापर्यंत मालाबाईचं मराठी परत यायला लागलं, आधी भाज्यांची नावं, मग माणसांची, मग गोदाला ओरडणं. तरी डॉक्टर आले की ती तिच्याच बोलीत बोले. आता तशी गरज नव्हती, पण दोघांनाही ते हवं असे. राही सांगायची की देवरूखचा डॉक्टर हल्ली रोग्यांशी हसून बोलतो.

दिवाळीच्या आधी एकदा दोघं असेच बोलत असताना गोदाच्या कानावर 'अफे' हा शब्द पडला. अफे म्हणजे वडील, तो शब्द तिला येत होता. मालाबाईने काहीतरी विचारलं होतं. डॉक्टर खाली बघून सांगत होते, त्यात रंगूनचं नाव आलं.

मग मालाबाई मराठीत म्हणाली, "गोदा, मला बसव."

गोदाने तिला भिंतीला टेकवून बसवलं. मालाबाईने विस्कटलेले केस डाव्या हाताने मागे सारले, लुगडं गुडघ्यांवर नीट केलं आणि डॉक्टरांपुढे मान लववली. डॉक्टर स्टुलावरून घाईने खाली उतरले, नको, नको म्हणत. वयाने आईएवढ्या बाईने दुसऱ्यांच्या करणीची माफी मागत आपल्यापुढे वाकावं, हे त्यांना सोसवेना. मालाबाईने ऐकलं नाही. तिचा डावा हात कपाळाशी गेला होता. उजवा मांडीवर निपचित पडला होता, तिची नजर त्याच्यावर होती.

गोदाला कळलं. तिने तो हात उचलला, डाव्या हाताला जोडला आणि मालाबाईचं बोलून होईपर्यंत तसाच धरून ठेवला.